व्हॉल्व्हला घातलेली शाल

आमच्याकडे कडाक्याची थंडी पडते असं सांगितलं की बाहेरगावची माणसं हसतात. खान्देश म्हणजे ऊन, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा टीव्हीवर झळकतो, तेवढीच आमची ओळख. पण डिसेंबर-जानेवारीत सातपुड्यावरून जो वारा उतरतो त्याची दखल कोण घेतं? केळीवाले घेतात. आणि मी घेते, कारण माझं पोट ज्याच्यावर चालतं तो व्हॉल्व्ह त्याच दिवसांत गोठायला बघतो.

धुळ्याच्या एमआयडीसीत केळी वेफर्सचा एक कारखाना आहे, तिथे मी काम करते. तळणीशी माझा संबंध नाही, खाण्याशी आहे. वेफर्सचं पाकीट फुगलेलं असतं ना, त्यात साधी हवा नसते. नायट्रोजन असतो, म्हणून वेफर्स खवट होत नाहीत. हा नायट्रोजन आमच्या आवारातल्या उंच टाकीत पातळ स्वरूपात भरलेला असतो, भयंकर थंड. टाकीतून तो पत्र्याचे पंख लावलेल्या नळ्यांमध्ये येतो, तिथे बाहेरच्या हवेची ऊब घेतो, त्याचा वायू होतो आणि मग एका व्हॉल्व्हमधून दाब कमी करून पॅकिंगच्या मशीनकडे जातो. या व्हॉल्व्हवर बर्फ धरू न देणं हे माझं काम. तशी कामं पुष्कळ आहेत, कॉम्प्रेसर आहे, बॉयलर आहे, सतत कुरकुरणाऱ्या मोटारी आहेत. पण थंडीत कुणी विचारलं, काय करतेस, तर मी सांगते, बर्फाशी भांडते.

ज्या हिवाळ्याबद्दल लिहितेय त्या हिवाळ्यात मी दोघांना थंडीपासून जपत होते. एक हा व्हॉल्व्ह आणि दुसरे माझे सासरे.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांचं गाव चोपड्याकडे, तापीच्या पलीकडे. केळीची बाग, जुनी विहीर, सिमेंटचं बसकं घर. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या वर्षी पोळ्याच्या आधी गेल्या. आजार म्हणाल तर काही नाही, सकाळी चहा ठेवला आणि चुलीजवळच बसल्या त्या बसल्याच. दिवस झाले, पाहुणे परतले, आणि आम्ही आबांना गाडीत घालून धुळ्याला आणलं. बाग चुलतदिरांकडे सोपवली. आबांनी गाडीत बसताना पायातल्या चपला झटकल्या, जणू गावची माती गावातच ठेवायची होती.

धुळ्याला आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे एमआयडीसी. आबांचा दिवस पहाटे सुरू व्हायचा आणि उजाडण्याआधीच संपायचा, कारण त्यानंतर त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. खुर्चीत बसायचे. टीव्ही लावून दिला तर बघायचे, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघायचे. अक्कांबद्दल एक शब्द नाही. डोळ्याला पाणी नाही. दहाव्याला सगळी रडली, आमचे हे तर लहान मुलासारखे रडले, पण आबा कोरडे. डॉक्टरांनी छाती तपासली, म्हणाले कफ आहे, थंडीत जपा. एवढंच वाक्य मला पुरेसं होतं.

मी कशी आहे ते सांगते. मला एखाद्याची काळजी वाटली की मी त्याचा जीव नकोसा करते. नवऱ्याला विचारा. आबांना मी लोकरीचा स्वेटर आणला, कानटोपी आणली, पायमोजे आणले आणि एक जाड तपकिरी शाल आणली. बाल्कनीचं दार सकाळी ऊन येईपर्यंत बंद. आंघोळीला कढत पाणी. ताक बंद, केळं तर बंदच. ज्या माणसाने जन्मभर केळी पिकवली त्याला मी थंडीत केळं बाधतं म्हणून सांगत होते, आणि तो मुकाट ऐकत होता.

आबांची मागणी एकच होती.

"मी घर कधी जासू?"

चार-सहा दिवसांनी एकदा, जेवता जेवता, भाकरी मोडत. आवाज चढवणं नाही, तक्रार नाही.

"थंडी सरू द्या, आबा," मी म्हणायची.

"थंडी काय माले नवी शे का?"

"नवी नाही, पण छाती जुनी झाली ना."

ते हसायचे नाहीत. आमचे हे खाली मान घालून जेवत राहायचे. आम्हा दोघांनाही माहीत होतं की थंडी सरली की ऊन लागतं म्हणू, ऊन सरलं की पावसात वाट खराब असते म्हणू. आबांना एकटं त्या घरात सोडायचं नव्हतं, खरी गोष्ट ही. त्या चुलीपाशी ते एकटे बसलेत असं चित्र डोळ्यांपुढे आलं की मी उठून त्यांची शाल सारखी करायची. आणि तरी मला दिसत होतं, माणूस आक्रसत चाललाय. अंगावर कपडे वाढत होते आणि आतला माणूस लहान होत होता.

त्यातून एक वाट आपोआप निघाली. मी डबा विसरते. ही माझी जुनी खोड आहे, ओट्यावर भरलेला डबा ठेवून चप्पल घालून निघून जायचं. एके दिवशी तो डबा घेऊन आबा कारखान्याच्या गेटवर आले. गेटवर वॉचमन होते, साक्रीकडच्या डोंगराळ गावचे. वयाने आबांच्या बरोबरीचे, सगळे त्यांना नाना म्हणायचे. नानांनी आबांना खुर्ची दिली, दोघांची बोली जुळली, आणि मी डबा घ्यायला गेटवर पोहोचले तेव्हा दोघे बाजरीच्या कणसांबद्दल तावातावाने बोलत होते. किती महिन्यांनी मी आबांचा मोठा आवाज ऐकत होते. परत पाठवायचा धीरच झाला नाही.

मग ते रोजचंच झालं. नानांची पाळी पहाटेची. गेटबाहेर ते शेकोटी करत, आबा उजाडायच्या आत रस्ता ओलांडून तिथे जाऊन बसत. मी अट घातली होती. शाल पाहिजे, कानटोपी पाहिजे, आणि खोकला आला की घरी. आबा शाल गुंडाळून आज्ञाधारकपणे निघायचे. मी सकाळच्या पाळीला आत जाताना दोघांना दरडावून जायचे. नाना म्हणायचे, "मॅडम उनी, आते नीट बसा." आणि दोघे शाळेतल्या पोरांसारखे ताठ बसून दाखवायचे.

गेटच्या बाजूलाच, तारेच्या जाळीआड, आमची नायट्रोजनची टाकी. शेकोटीजवळ बसलेल्या माणसाला ती समोर दिसते. नळ्यांवर पांढरा थर, आणि त्यांच्या खाली, कमरेएवढ्या उंचीवर, तो व्हॉल्व्ह. तोही पहाटे पांढराशुभ्र असतो. आबा तासन् तास त्याच्याकडे बघत बसायचे हे मला नंतर कळलं.

या बर्फाचं एक समजून घ्यावं लागतं. तो आतून झिरपत नाही, बाहेरून येतो. हवेत ओल असते, ती गार लोखंडावर बसते आणि गोठते. थोडा पांढरा थर असला तर काही बिघडत नाही, उन्हाळ्यातही असतो. मे महिन्यात पोरं जाळीतून हात घालून तो बर्फ खरवडायला बघतात आणि मी ओरडते. पण थंडीत पहाटे हवेतच ऊब नसते. नळ्यांना ती मिळत नाही, वायू गारच येतो, व्हॉल्व्ह जास्त गोठतो, आणि एखाद्या दिवशी त्याचा दांडा बर्फात अडकून बसतो. मग ना उघडतो ना मिटतो. उपाय अवघड नाहीत. नळ्यांभोवती वारा खेळता ठेवायचा, नळ्यांचे दोन संच आहेत त्यांना आलटून पालटून विश्रांती द्यायची, जवळ ओल साचू द्यायची नाही. आमच्याकडे लोक कच्च्या केळीचे रिकामे क्रेट जाळीला टेकवून रचायचे, वारा अडायचा. त्यावरून माझी भांडणं झाली आहेत. केळी धुतलेलं पाणी तिथेच सोडायचे, त्यावरूनही झाली आहेत. व्हॉल्व्हला विजेचा गरम पट्टा बसवायचा हे मी मंजूर करून घेतलं होतं. पट्टा यायचा होता.

आणि दोन गोष्टी करायच्या नसतात. बर्फ हातोडीने फोडायचा नाही. आणि व्हॉल्व्ह झाकायचा तर मुळीच नाही.

त्या आठवड्यात थंडीने कहर केला होता. चुलतदिरांचा फोन आला होता की केळीच्या घडांवर चरका बसतोय, पानं करपताहेत. आबांनी फोन कानाला लावून बराच वेळ ऐकलं, विचारलं, "पिशव्या घाल्यात का? पानी सोडं का?" मग फोन माझ्या हातात देऊन खुर्चीत बसले. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं नाही, मी घर कधी जासू. मला हायसं वाटलं. वाटायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळीवर पोहोचते तोच पॅकिंगमधून आरडाओरडा. मशीनला वायू मिळेना. पाकिटं चपटी निघत होती. बाया हात आखडून उभ्या. मी धावत आवारात गेले. जाळीचं दार उघडं, आणि आत पाहते तर व्हॉल्व्ह दिसेना. त्याच्या जागी एक गाठोडं होतं. वर निळसर प्लास्टिकची लांबडी पिशवी, खालून सुतळीने आवळलेली. केळीवाल्यांना ही पिशवी सांगायला नको. थंडीत घडाला घालतात तीच. आणि पिशवीच्या आत, घडी घालून नीट लपेटलेली, तपकिरी जाड शाल.

माझी शाल. म्हणजे आबांची.

 आधी संताप आला, मग हसू आलं, आणि दोन्ही एकदम आले की माझा आवाज फाटतो. "हे कुणी केलं?" मी ओरडले. विचारायची गरजच नव्हती. ते दोघे जाळीबाहेर उभे होते. नाना खाली बघत होते. आबा स्वेटरवर, डोक्याला काही नाही, पहाटेच्या वाऱ्यात उघडे. कानटोपी? ती पण गाठोड्यात होती, दांड्याच्या वरच्या टोकावर घातलेली, हे नंतर निघालं.

"मॅडम, मीच म्हनं, झाकी द्या," नाना म्हणाले. "टाकी भराले टँकर उना व्हता, दार उघडं व्हतं."

"तुम्ही गप्प बसा नाना, तुमच्याशी नंतर बोलते."

आबा पुढे आले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पोराने घरचं काही फोडलं आणि का फोडलं हे त्यालाच कळत नाही, तसा.

"रोज सकाय बिचारं पांढरं फट पडस," ते म्हणाले. "कोनी त्याले झाकत बी नही. बागमा थंडी पडनी म्हंजे आमी घडले पिशवी घालतस. माले वाटनं, तुना व्हाल बी गारठी गया." व्हाल म्हणजे माझा व्हॉल्व्ह.

फिटर हातोडी घेऊन आला होता. दोन ठोके, मोकळं होईल, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो हातोडी पाठीमागे घेऊन उभा राहिला. सुतळी कापली, पिशवी काढली. शाल मात्र निघेना. दवाने भिजली होती आणि व्हॉल्व्हसकट गोठून एकजीव झाली होती, ठोकली तर पाटीसारखी वाजली असती. ओढली तर फाटणार, आणि दांड्यावर जोर पडणार. आबा पुटपुटले, "फाडी टाक, शालनं काय." मी म्हटलं, "शाल फाडणार नाही आणि व्हॉल्व्हही मोडणार नाही. बाजूला व्हा."

आधी व्हॉल्व्हला वळसा घालून जाणाऱ्या दुसऱ्या लाइनवरून थोडा वायू सुरू करून दिला, पॅकिंग निम्म्या वेगाने चालू झालं. मग बोअरवेलच्या नळाला पाइप जोडला आणि पाणी सोडलं. कढत पाणी ओतायचं नसतं, थंडगार धातू एकदम तापला तर तडकतो. बोअरचं पाणी चालतं, सारखं वाहतं पाहिजे. आमच्याकडे जमिनीतलं पाणी थंडीत कोमट असतं. शालीवर धार पडली, वाफ निघाली. मी पाइप धरून उभी राहिले. एका हाताने धार, दुसऱ्या हाताने शालीची कड सैल करत. घाई करून उपयोग नव्हता.

"हे बघा आबा," मी म्हटलं. राग उतरत होता आणि शिकवायची हौस चढत होती. "तुमच्या घडाला बाहेरची थंडी लागते, म्हणून झाकायचं. बरोबर आहे. याला बाहेरची थंडी लागत नाही. याची थंडी याच्या आतच आहे. हा बाहेरच्या हवेतून ऊब घेतो, त्यावर तग धरतो. आपण झाकलं की ती ऊब तुटते. मग हा स्वतःच्याच थंडीत गोठतो."

आबा ऐकत होते. मग वाकले, पाइपच्या धारेखाली हात धरला.

"कोमट शे," ते म्हणाले.

"हो."

"आमी बी तेच करतस. थंडी जास्ती व्हयनी म्हंजे पहाटे हिरनं पानी पाटले सोडतस. बागमा धुकं उठस, केळ वाचस." त्यांनी हात तसाच धारेत ठेवला होता. "तुनी सासू सोडे पानी. मी पिशव्या घाली ठेवू, ती पानी सोडे."

पोळ्यापासून आजवर अक्कांचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. मी पाइप धरून होते, म्हणून बरं. शाल सुटली, चिंब आणि जड. खाली कानटोपी. दांडा थोड्या वेळाने हलला, आधी कुरकुरला, मग मऊ फिरला. आतून पॅकिंगच्या बाया ओरडल्या की पाकिटं फुगताहेत. फिटर हातोडी घेऊन निघून गेला. मी आबांना दम दिला की आता सरळ घरी जा, अंगावर काही नाही तुमच्या. ते गेले. रस्ता ओलांडताना मागे वळून व्हॉल्व्हकडे बघितलं.

शाल मी बाल्कनीत वाळत घातली. थंडीत जाड शाल कुठली एका दिवसात वाळायला. संध्याकाळी आबा खुर्चीत बसले होते, नुसत्या स्वेटरवर. सकाळचं सगळं विसरून, सवयीने, मी कपाटातून दुसरी शाल काढली आणि त्यांच्या खांद्यांवर टाकली. खांद्याखाली खोचली, गळ्याशी ओढली. त्यांनी माझा हात धरला. जोरात नाही.

"मंग माले कसाले झाकी ठेवस व माय?" ते म्हणाले. "मनी थंडी बी आतलीच शे."

मी उभीच राहिले. हे दारात आले होते, त्यांनीही ऐकलं. मला वाटलं काहीतरी बोलावं, डॉक्टर म्हणाले होते, छाती, कफ.  शाल काढून घेतली आणि स्वयंपाकघरात गेले. कणीक मळायला घेतली आणि परातीत डोळे गळायला लागले. मी त्या माणसावर प्रेम करते. सासरा म्हणून नाही, माणूस म्हणून. लग्न होऊन या घरात आले तेव्हा गाव मला मॅडम म्हणून हसत होतं, सून कारखान्यात नट-बोल्टाचे पाने फिरवते म्हणून. आबांनी भर चावडीवर सांगितलं होतं, मनी वहू लोखंडनी डॉक्टर शे. आणि आता मी त्यांना ऊब देते म्हणून चहूबाजूंनी बंद करून ठेवलं होतं. गाव, बाग, विहीर, अक्कांची चूल, जिथून त्यांना काही मिळालं असतं तेवढंच नेमकं बंद.

जेवताना आमचे हे म्हणाले, "शनिवारी आबांना गावाला सोडून येऊ."

"थंडी आहे," मी म्हटलं. म्हटलं आणि माझं मलाच हसू फुटलं. आबाही हसले. पोटातून, खोकत खोकत. खोकला थांबेपर्यंत मी जागची हलले नाही, आणि यासाठी मला किती ताकद लागली ते माझं मला माहीत.

शनिवारी ह्यांना ऐनवेळी काम निघालं, मीच गेले. धुळ्याहून अमळनेरची एसटी, तिथून चोपड्याची. तापीच्या पुलावर आबांनी खिडकीची काच सरकवली. बोचरा वारा आत आला. माझा हात आपोआप पिशवीतल्या शालीकडे गेला आणि मी तो परत आणला. मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "अहो काच लावा, म्हाताऱ्याला वारा लागेल." मी म्हटलं, "त्यांचाच वारा आहे तो." बाईला काही कळलं नसेल, तिने पदर कानांवर ओढून घेतला.

घरात चुलतजावेने सारवून-पुसून ठेवलं होतं. आबा आधी चुलीपाशी गेले. उभे राहिले. मग कोपऱ्यातला तांब्या उचलून जागेवर ठेवला आणि बाहेर आले. मी रात्री तिथेच राहिले. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि वर आबांनी एक केळं खाल्लं, माझ्याकडे बघत बघत, मुद्दाम.

पहाटे जाग आली तर खाट रिकामी. मी शाल उचलली आणि बागेकडे निघाले. घड पिशव्यांत लोंबत होते. आता सगळीकडे ठिबक आहे, पण त्या घरात थंडीची रीत जुनी. मोटार सुरू होती, विहिरीचं पाणी पाटाने वाहत होतं आणि पाण्यावरून धुकं उठत होतं. झाडांच्या बुंध्यांभोवती धुकं, कमरेपर्यंत. आबा पाटाच्या कडेला उकिडवे बसले होते, अंगात फक्त सदरा. दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात. मी जवळ गेले तेव्हा कळलं की ते रडताहेत. आवाज न करता नाही. चांगले हुंदके देऊन, नाक ओढत, अक्कांना नावं ठेवत. आधी कसाले गई, पानी आते कोन सोडी, असं काहीबाही. माझ्या हातात शाल होती. मी ती त्यांच्या अंगावर घातली नाही. शेजारी बसले, हात पाण्यात घातले. कोमट होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी सदऱ्याला तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"जाय आते," ते म्हणाले. "तुना व्हाल वाट दखी राहिना व्हई."

आबा आता गावालाच असतात. चुलतजाऊ शेजारी आहे, जेवणाची चिंता नाही. छातीत कफ आहे, तो आहेच. गरम पट्टा पुढे लवकरच आला, मी स्वतः बसवला, आणि तेव्हापासून व्हॉल्व्ह गोठलेला नाही. पाण्याची गरजच उरली नाही. पण हिवाळा लागला की मी पाळीवर पोहोचायच्या सुमाराला आबांचा फोन येतो. नमस्कार नाही, खुशाली नाही, पहिला प्रश्न तोच.

"पानी सोडं का?"

पट्ट्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. खोटंही बोलवत नाही. म्हणून फोन कानाला धरून मी जाळीचं दार उघडते, बोअरचा नळ सोडते, आणि त्या ठणठणीत व्हॉल्व्हवर थोडा वेळ धार धरते.

"सोडं, आबा," मी म्हणते. "तुम्ही सोडं का?"

पलीकडून पाटाचा आवाज येतो.